अडचणीपेक्षा उत्तराची चौकशी: सोल्युशन-फोकस्ड ब्रीफ थेरपी समुपदेशनात कशी वापरायची

कोल्हापुरात माणूस समुपदेशकाकडं येतो तोवर त्याला चुलत्यानं, मामानं, शेजारच्या काकूंनी, तालमीतल्या थोरल्यांनी आणि शाळेतल्या सरांनी आपापल्या परीनं सगळं सांगून झालेलं असतं. त्यातलं बरंचसं बरोबरही असतं. तरी उपयोग झालेला नसतो, कारण ते त्या माणसाच्या घरात, त्याच्या शिफ्टच्या वेळात आणि त्याच्या स्वभावात बसवायचं कसं, हे कुणी विचारलेलं नसतं. अशा माणसासमोर आपण आणखी एक सल्ला ठेवून काही साधत नाही. सोल्युशन-फोकस्ड ब्रीफ थेरपी, म्हणजे उत्तरावर भर देणारी थोड्या बैठकांची समुपदेशन पद्धत, सल्ला बाजूला ठेवते आणि समोरच्याच्या आयुष्यात आधीपासून काय चाललंय, काय जमतंय, त्याला नेमकं काय हवंय, याची कसून चौकशी करते.

हा लेख शाळेतल्या समुपदेशकांसाठी, एमएसडब्ल्यू आणि मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी आणि कौटुंबिक समुपदेशन केंद्रात बसणाऱ्यांसाठी आहे. या पद्धतीचे प्रश्न एका पानावर मावतात, त्यामुळं ती सोपी वाटते. पण ते प्रश्न पाठ करून भागत नाही. पहिलं उत्तर मिळाल्यावर तुम्ही त्यात किती आत शिरता, त्यावर काम होणार की नुसत्या गप्पा होणार, हे ठरतं. म्हणून पुढं मी प्रश्नांइतकाच उत्तरांनंतरच्या भागावर भर दिलाय.

थोडी पार्श्वभूमी

स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग या दांपत्यानं आपल्या सहकाऱ्यांसह १९७८ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, मिलवॉकी शहरात ब्रीफ फॅमिली थेरपी सेंटर सुरू केलं. त्याआधी कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टो इथल्या मेंटल रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये अल्पकालीन उपचारांवर काम चालू होतं. लोक अडचण सोडवायला जे करतात, त्यानंच ती कशी टिकून राहते, याचा शोध तिथं घेत. मिलवॉकीच्या गटानं उलट्या टोकाला हात घातला: अडचण सुटायला काय उपयोगी पडतं, ते बघायला लागले. एका बाजूनंच आरपार दिसणाऱ्या आरशाच्या पलीकडं बसून ते संभाषणं पाहात आणि कोणत्या प्रश्नानंतर अशील (मदतीसाठी आलेला माणूस) पुढं सरकला, याची नोंद ठेवत. निरुपयोगी ठरलेलं गाळत, उपयोगी ठरलेलं ठेवत ही पद्धत उभी राहिली. आधी सिद्धांत मांडून मग त्यातून तंत्रं काढली, असा तिचा जन्म नाही. म्हणून तिच्यात माणसाचा स्वभाव किंवा बालपण समजावून सांगणारी मोठी मांडणी सापडत नाही, आणि ती शोधतही बसू नये.

अडचणीचं मूळ कळलं तरच उपाय सापडतो, असं आपण धरून चालतो. ही पद्धत ते गृहीत धरत नाही. कोणतीही अडचण चोवीस तास सारख्याच जोरानं चालू नसते. ती जिथं कमी असते तिथं काहीतरी वेगळं घडत असतं, आणि ते वेगळं काय, हे त्या माणसाकडूनच कळू शकतं.

बसण्याआधी

पाऊण ते एक तास ठरवून घ्या. आपल्याकडं अशील एकटा फार क्वचित येतो. पोराला बाप घेऊन येतो, सुनेला आई घेऊन येते, आणि आणणाराच दारातून बोलायला लागतो, "ह्याला जरा समजावून सांगा, तुमचं ऐकंल." त्याला अडवू नका, पण त्याचं म्हणणं ऐकून झाल्यावर अशिलाशी स्वतंत्र बोलायची वेळ राखून ठेवा.

गोपनीयतेबद्दल सुरुवातीलाच स्पष्ट बोला. राजारामपुरीतल्या माणसाची मावशी शाहूपुरीत राहते आणि तिची जाऊ तुमच्या ओळखीची निघते, असं हे गाव आहे. इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, हे सांगा आणि त्याचे अपवादही त्याच वेळी सांगा: जिवाला धोका असेल तर, आणि अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणं असा गुन्हा कळवणं बंधनकारक आहे.

पहिला प्रश्न

"काय अडचण आहे?" असं विचारलंत की अडचणीची कहाणी सुरू होते. त्याऐवजी असं विचारता येतं: "आज इथं बोलून झाल्यावर काय झालं असलं, तर तुम्हाला वाटेल की येण्याचा उपयोग झाला?" लंडनच्या ब्रीफ या संस्थेतल्या मंडळींनी हा अपेक्षेचा प्रश्न पहिल्या बैठकीचा पाया मानला, आणि मलाही तोच योग्य वाटतो. पुढचं सगळं बोलणं कोणत्या दिशेनं न्यायचं, हे त्यातून ठरतं.

उत्तर बहुतेक वेळा नकारात येतं. "घरातली भांडणं थांबायला हवीत." "दारू सुटली पाहिजे." "हे टेन्शन नको." यावर "त्याऐवजी काय असेल?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. नकारातलं ध्येय कुणालाच धरता येत नाही, कारण ते जमलं हे ओळखायचं कसं, हेच त्यात नसतं. "भांडणं नसतील तेव्हा जेवताना काय चालू असेल?" या प्रश्नाला मात्र उत्तर असतं.

अशील म्हणाला, "मला काहीच नकोय, बाबांनी आणलं म्हणून आलो," तर ते खरं मानून चाला. त्याला विचारा, "तुझ्यात काय दिसलं, तर बाबांना वाटेल की आता याला इथं आणायची गरज नाही?" या प्रश्नावर पोरं खरोखर विचार करतात, कारण इथं यायचं टळावं ही त्यांची स्वतःची इच्छा असते. तिथून काम सुरू करणं पूर्णपणे प्रामाणिक आहे.

पहिल्याच बैठकीत आणखी एक विचारून घ्यावं: "यायचं ठरवल्यापासून आजपर्यंत काही थोडंफार बदललंय का?" १९८७ साली मिलवॉकीच्या गटानं प्रसिद्ध केलेल्या छोट्या पाहणीत, असं विचारल्यावर दोन तृतीयांशांच्या आसपास अशिलांनी आधीच काही सुधारणा झाल्याचं सांगितलं होतं. आपण विचारलं नाही तर हे कुणी आपणहून सांगत नाही.

हवी असलेली सकाळ

या पद्धतीचा सगळ्यांत प्रसिद्ध प्रश्न चमत्काराचा. इन्सू किम बर्ग यांच्यासमोर एक बाई हताश होऊन म्हणाली होती, की आता चमत्कारच व्हायला हवा. तिथून तो निघाला, असं सांगितलं जातं. हा प्रश्न घाईनं, एका दमात विचारला की फसतो. आवाज खाली आणा, मधे थांबा, आणि अशिलाच्या घरातल्या खऱ्या गोष्टी त्यात गुंफा.

पुढचं संभाषण मी उदाहरणासाठी रचलेलं आहे. बाई अडतिशीच्या, मालक शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत शिफ्टनं जाणारे, मुलगा दहावीत. तक्रार मोबाईलची, अभ्यासाची आणि रोजच्या आरडाओरड्याची.

"ताई, एक जरा वेगळा प्रश्न विचारते. आज घरी गेल्यावर नेहमीसारखं सगळं आवरून तुम्ही झोपलात. सगळं घर झोपलंय. आणि तेवढ्या रात्रीत असं काही घडलं, की ज्यासाठी तुम्ही इथं आलाय तो त्रास मिटला. पण तुम्ही झोपेत, त्यामुळं हे घडलंय हे तुम्हाला माहीतच नाही. सकाळी जाग आल्यावर पहिल्यांदा कशावरून तुमच्या लक्षात येईल?"

(इथं बराच वेळ शांतता. बोलू नका.)

"पोरगं आपणहून उठलेलं असंल."

"बरं. ते बघून तुम्ही काय कराल?"

"काय करणार… वरडणार नाही मग. च्या ठेवीन."

"तुम्ही ओरडला नाहीत, चहा ठेवलात. त्याला ते कशावरून कळेल?"

"आवाजावरनं. माझा आवाज येणार नाही सकाळी सकाळी. भांड्यांचापण नाही."

"आणि आवाज आला नाही, की तो काय करेल?"

"येऊन बसंल की स्वयंपाकघरात. बसायचा पूर्वी. मी भाकरी थापताना कट्ट्यावर बसून शाळेतलं सांगायचा."

"असं शेवटचं कधी झालं होतं?"

"शेवटचं…? गेल्या रविवारीच बसला हुता. ह्यांची थर्ड शिफ्ट हुती, हे नुकतेच येऊन झोपलेले. ह्यांची झोपमोड नको म्हणून आम्ही दोघं हळू आवाजात बोलत बसलो."

समुपदेशकानं इथं एकही सूचना केलेली नाही. मुलाला वेळ द्या, आवाज चढवू नका, मोबाईल काढून घ्या, यातलं काहीच नाही. तरी बाईंच्या तोंडून निघालं, की नवरा झोपलेला असताना घर हळू बोलतं आणि घर हळू बोललं की पोरगं जवळ येऊन बसतं. हे बाहेरच्या कुणालाही सुचलं नसतं. आणि हे अमुक रविवारी प्रत्यक्ष घडलेलं आहे, त्यामुळं "आमच्याकडं नाही हो जमायचं असलं" असं म्हणायला जागा राहात नाही.

प्रश्नांची घडण पुन्हा एकदा बघा. "तुम्ही काय कराल", "त्याला कशावरून कळेल", "मग तो काय करेल". एकदा अशिलाच्या बाजूनं, एकदा दुसऱ्याच्या बाजूनं, असं आलटून पालटून. आपल्याकडं माणूस स्वतःबद्दल बोलायला संकोचतो, पण "सासूबाईंच्या काय लक्षात येईल?" असं विचारलं की मोकळा होतो. एकत्र कुटुंबात हे नात्यांचे प्रश्न सोन्यासारखे आहेत. आजी, दीर, दुकानातला भागीदार, वर्गशिक्षिका, ज्याच्या नजरेची अशिलाला पर्वा आहे त्याच्या नजरेतून ती सकाळ बघायला लावा.

काही जण म्हणतात, "अंबाबाईनं ऐकलं तर होईल." त्यांच्याशी वाद घालू नका आणि श्रद्धेवरून विषय बदलूही नका. "आईनं ऐकलं असं समजू. मग उद्या सकाळी घरात पहिलं काय वेगळं दिसेल?" असं पुढं जाता येतं. काही उत्तरं अशक्य असतात, "गेलेला माणूस परत आलेला असेल." तिथं थांबा, त्या दुःखाला जागा द्या, आणि मग हळूच विचारा, की ते असते तर आज तुमच्यात काय पाहून त्यांना बरं वाटलं असतं. चमत्काराचा प्रश्न प्रत्येकाला विचारायचा नसतो. समोरच्याचे डोळे भरलेले असतील तर दुसऱ्या बैठकीपर्यंत थांबलेलं उत्तम.

अपवाद शोधणं

अपवाद म्हणजे त्रास नसलेली किंवा कमी असलेली वेळ. वरच्या संभाषणात तो, म्हणजे गेला रविवार, आपोआप निघाला. नाही निघाला तर सरळ विचारा: "हा त्रास होणारच असं वाटत होतं आणि झाला नाही, किंवा कमी झाला, असं अलीकडं कधी घडलं?" उत्तर "कधीच नाही" असंही येईल. मग वेळ लहान करा: गेल्या आठवड्यातला त्यातल्या त्यात बरा दिवस कोणता, आणि त्या दिवसातला बरा तास कोणता?

अपवाद मिळाला की नवशिके समुपदेशक लगेच "बघा, म्हणजे तुम्हाला जमतंय!" असं बोलून जातात. त्यानं दार बंद होतं, कारण अशिलाला वाटतं याला माझा त्रास कळलाच नाही. कौतुकाची घाई न करता तपशील मागा. कुठं बसला होता? आधी काय झालं होतं? तुम्ही नेहमीपेक्षा काय वेगळं केलंत? ते करायचं कसं सुचलं? शेवटच्या प्रश्नात "का" ऐवजी "कसं" वापरलंय ते मुद्दाम. "का" विचारलं की माणूस खुलासा द्यायला लागतो.

पट्टी

शून्य ते दहाची पट्टी (शून्य म्हणजे सर्वांत वाईट, दहा म्हणजे हवी असलेली सकाळ) सगळ्यांना ठाऊक असते आणि सगळ्यांत जास्त वाया जाते तीच. "तुम्ही कितीवर आहात?" "तीन." "बरं, मग चारवर जायला काय करू या?" इथं तीनमधला सगळा ऐवज हातातून निसटला.

तीन सांगितलं की आधी खाली बघायचं: "एक नाही, तीन म्हणालात. तीनमध्ये काय काय आहे?" उत्तर मिळालं की "आणखी?" आणि परत "आणखी काय?" निदान चार-पाच गोष्टी निघेपर्यंत सोडू नका. ही यादी म्हणजे अशील आत्ता या परिस्थितीतही करत असलेल्या गोष्टींची यादी असते, आणि ती त्यानं स्वतःच्या तोंडून ऐकणं महत्त्वाचं. त्यानंतर, "तीनचं साडेतीन झालं हे कशावरून ओळखाल?" चार नव्हे, साडेतीन. पाऊल जितकं लहान तितकं ते डोळ्यांसमोर उभं राहतं. आणि "काय कराल" पेक्षा "कशावरून ओळखाल" विचारा, म्हणजे अशिलावर लगेच काही करून दाखवायचा भार पडत नाही.

आकड्यांची पट्टी सगळ्यांना रुचत नाही. करवीर, कागल, शिरोळकडच्या वयस्कर शेतकऱ्याला "दहापैकी किती?" विचारलं की तो परीक्षेला बसल्यासारखा होतो. त्याला "रुपयात किती आणे?" असं विचारा. पिकाची आणेवारी त्याच्या तोंडात बसलेली असते. "आता बघा, सहा आणे म्हणायला हरकत नाही," असं तो विचार करून, मोजून सांगतो. मग सहा आण्यांत काय काय धरलं, आणि सात आणे झाले हे घरात आधी कुणाच्या लक्षात येईल, असं पुढं विचारता येतं. लहान मुलांना बोटं पुरतात, किंवा जमिनीवर खडूनं रेघा ओढून प्रत्यक्ष उभं राहायला सांगा. मूल एका रेघेवरून दुसऱ्या रेघेवर उडी मारतं तेव्हा "आता तिथून काय वेगळं दिसतंय?" हा प्रश्न त्याला चटकन समजतो.

एकाच बैठकीत दोन पट्ट्या चालतात. एक परिस्थितीची, दुसरी भरवशाची: "हे जमेल असा भरवसा किती?" परिस्थिती दोनवर आणि भरवसा सातवर असं निघालं, तर त्या सातावरच जास्त वेळ घालवा.

जिथं बरं काहीच नाही

काही माणसं अशा अवस्थेत येतात की त्यांना चमत्कार, अपवाद, पट्टी यांतलं काहीही विचारणं क्रूर ठरेल. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत ज्यांची घरं पाण्यात गेली, त्यांच्यातल्या कित्येकांना पावसाळा आला की पुन्हा तीच धास्ती. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ ला धोका, हे शहरातल्यांसाठी बातमीतले आकडे. नदीकाठच्या प्रयाग चिखली-आंबेवाडीतल्या बाईची झोप त्याच्या कितीतरी आधी उडालेली असते. तिला "तुमचा बरा दिवस कोणता?" विचारायचं नाही.

तिला विचारायचं, "एवढं सगळं डोक्यात चालू असताना तुम्ही सकाळी उठून धारा काढता, पोरांचे डबे करता. हे कशाच्या बळावर निभावता?" याला तग धरण्याचा प्रश्न म्हणू. तो विचारण्याआधी दुःख पूर्ण ऐकून घेतलेलं असलं पाहिजे आणि आपल्या आवाजात खरंखुरं आश्चर्य असलं पाहिजे. उत्तर अनेकदा एका वाक्याचं असतं: "म्हसरांना तहान लागते, त्यांना काय कळतंय पाण्याचं." त्या म्हशींबद्दल पुढं विचारा. किती आहेत, पुरात कुठं नेल्या होत्या, कुणी मदत केली, ते कुणी ठरवलं. जिथं त्या बाईनं निर्णय घेतले, हिंमत केली, तिथं बोलणं आपोआप पोचतं.

ही पद्धत म्हणजे सकारात्मक विचारांचा डोस, असा एक गैरसमज आहे. तो या टप्प्यावर सर्वांत घातक ठरतो. दुःखाला फाटा देऊन उपायाकडं पळालेला समुपदेशक अशिलाला एकटं पाडतो. ऐकण्याला कोणत्याही पद्धतीत पर्याय नाही, हिच्यातही नाही.

बैठकीचा शेवट

मिलवॉकीत संभाषण संपत आलं की समुपदेशक पाच-दहा मिनिटं बाहेर जाऊन आरशामागच्या सहकाऱ्यांशी बोलत. आपल्याकडं आरसाही नसतो आणि सहकारीही नसतात, तरी थोडा विराम घ्या. "मी दोन मिनिटं माझ्या नोंदी बघते, तोवर तुम्ही पाणी घ्या," एवढं पुरतं. त्या वेळात अशिलानं सांगितलेल्या, त्याला जमलेल्या दोन-तीन गोष्टी त्याच्याच शब्दांत लिहून काढा.

मग त्या सांगा. कौतुक ऐकलेल्या गोष्टीचंच हवं. "तुम्ही खूप खंबीर आहात" याला अर्थ नाही. "रविवारी आवाज खाली ठेवून तुम्ही पोराला बोलू दिलंत, मधे अभ्यासाचा विषय काढला नाहीत," याला आहे. इथल्या पुरुषांना तोंडावर केलेली स्तुती अवघड जाते. ते हसण्यावारी नेतात नाहीतर विषय बदलतात. त्यांच्याशी कौतुक प्रश्नातून करा: "एवढ्या कर्जाच्या ताणातसुद्धा कामगारांचा पगार चुकवला नाहीत, हे कसं काय जमवलंत?"

शेवटी घरी करायची एखादी गोष्ट. सर्वांत भरवशाची गोष्ट १९८० च्या दशकापासून तीच आहे: पुढच्या वेळेपर्यंत घरात जे जे चालू राहावंसं वाटतं, ते फक्त बघून ठेवा. बदल करायला सांगायचं नाही, बघायला सांगायचं. दहावीच्या मुलाच्या आईला "ज्या सकाळी तो स्वयंपाकघरात येईल, त्या सकाळी आधी काय काय झालं होतं तेवढं लक्षात ठेवा," हे पुरे. अपवाद स्पष्ट सापडला असेल आणि तो अशिलाच्या हातातला असेल, तर तोच थोडा जास्त करायला सांगावा.

दुसरी बैठक आणि पुढं

दुसऱ्या बैठकीचा पहिला प्रश्न: "मागच्या वेळेपासून काय बरं झालं?" "कसं चाललंय?" विचारलंत तर "चाललंय की" असं उत्तर मिळेल. "काही बरं झालं का?" विचारलंत तर "नाही". "काय बरं झालं?" या प्रश्नात काहीतरी झालं असेल हे धरलेलं आहे, आणि त्यामुळं माणूस आठवायला लागतो.

जे सापडेल ते काढून घ्या, त्याचा तपशील वाढवा, त्यातला अशिलाचा वाटा दाखवा आणि पुन्हा "आणखी काय?" विचारा. पूर्ण बैठक यातच गेली तरी चालेल.

"उलट वाईट झालंय" असं उत्तर आलं तर घाबरून जुन्या अडचणीत शिरू नका. ऐका. मग विचारा, की याहून वाईट होऊ नये म्हणून कुणी काय केलं? भांडण पाच तास चाललं असतं ते दोन तासांत कसं थांबलं? दोन-तीन बैठका होऊनही काहीच हलत नसेल, तर अशील अडून बसलाय असं समजू नका. बहुतेक वेळा आपण त्याला हव्या असलेल्या गोष्टीवर काम करत नसतो, घरच्यांना हव्या असलेल्या गोष्टीवर करत असतो. अपेक्षेच्या पहिल्या प्रश्नाकडं परत जा.

साधारण तीन ते सहा बैठकांत बरीच कामं आटोपतात. आकड्याला चिकटून राहू नका; गरज आहे तोवर भेटायचं आणि गरजेपेक्षा एकदाही जास्त नाही. दर बैठकीच्या शेवटी "पुन्हा भेटायची गरज वाटते का, आणि कधी?" हे अशिलाला ठरवू द्या. गारगोटी-राधानगरीहून एसटीनं येणाऱ्या माणसाचा एक दिवस आणि एक रोजगार बुडतो, याचंही भान असू द्या.

ही पद्धत कुठं पुरत नाही

मरणाचा विषय आला, नुसता सूचक जरी आला, तरी पट्टी आणि चमत्कार बाजूला ठेवा आणि स्पष्ट विचारा: "जीव द्यावा असं मनात येतं का? कसं करायचं ते ठरवलंय का? ते साधन घरात आहे का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. शेतकरी घरात कीटकनाशक कुठं ठेवलंय हे विचाराच, आणि ते घरच्या माणसाकडून त्याच दिवशी हलवून घ्या. अशा अशिलाला एकट्याला परत पाठवू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथं मराठीत बोलता येतं. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. चिठ्ठी देऊन मोकळं न होता, तिथं कुणासोबत आणि कधी जायचं हे ठरवून द्या.

भास होत असतील, झोप-जेवण पार बिघडलं असेल, तीव्र नैराश्य असेल, दारू सोडताना हातपाय कापत असतील, तर आधी डॉक्टर. दारू एकदम बंद केल्यानं होणारा त्रास जिवावर बेतू शकतो. औषधोपचार चालू असताना ही संभाषणं जोडीला उत्तम चालतात.

घरात मारहाण असेल तर नवरा-बायकोला एकत्र बसवून "दोघांनी काय वेगळं कराल?" असं अजिबात विचारू नका. त्या प्रश्नातून मार खाणारीवरच जबाबदारी टाकली जाते आणि घरी गेल्यावर तिला त्याची किंमत मोजावी लागते. तिला एकटीला भेटा, आधी सुरक्षितता बघा, १८१ ही महिला हेल्पलाइन आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातलं संरक्षण तिला समजावून सांगा. आजवर तिनं स्वतःला आणि लेकरांना कसं सांभाळलं, हा प्रश्न तिला विचारण्यासारखा आहे आणि सुरक्षेचा पुढचा आराखडा बऱ्याचदा त्याच उत्तरातून निघतो.

परिणामकारकतेबद्दल विद्यार्थी हमखास विचारतात. २०१३ साली जिंजरिच आणि पीटरसन यांनी तुलनात्मक गट असलेल्या ४३ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यातल्या ३२ अभ्यासांत लक्षणीय फायदा दिसला, आणि प्रौढांच्या नैराश्याबाबत पुरावा त्यातल्या त्यात भक्कम होता. सगळ्या अभ्यासांचा दर्जा सारखा नव्हता, हेही विद्यार्थ्यांना सांगायला हवं.

सरावासाठी

सहकाऱ्यासोबत वीस मिनिटं बसा. त्यानं स्वतःची खरी पण हलकी अडचण घ्यायची: वेळेवर न उठणं, व्यायाम बुडणं. तुम्ही फक्त प्रश्न विचारायचे, एकही सूचना नाही, एकही "माझ्याबाबतीत असं झालं" नाही. त्याच्या प्रत्येक उत्तरातला निदान एक शब्द तुमच्या पुढच्या प्रश्नात आला पाहिजे. तो "डोकं जड होतं" म्हणाला, तर तुम्ही "तणाव" म्हणायचं नाही, "डोकं हलकं असतं तेव्हा काय करतोस?" असं विचारायचं. दोघांच्या संमतीनं हे फोनवर रेकॉर्ड करा आणि नंतर ऐका. ऐकताना दोन ठिकाणी खूण करायची: जिथं उत्तर यायच्या आत तुम्ही बोललात, आणि जिथं चांगला तपशील समोर येऊनही तुम्ही पुढच्या प्रश्नावर गेलात. दुसऱ्या दिवशी त्याच सहकाऱ्याबरोबर फक्त त्या सुटलेल्या तपशिलापासून पुन्हा सुरुवात करा.